चौकशी केली तेव्हा वाडी रिकामी होती

साहेबांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि खालच्या सहीवर बोट टेकवलं.

"म्हात्रे मॅडम, हा रिपोर्ट तुमचाच ना?"

सही माझीच होती. चार महिन्यांपूर्वीची.

"यशवंत काल सकाळी सुटला," साहेब म्हणाले. "एकवीस दिवसांची रजा आहे. पेणला रामवाडीत बहिणीकडे राहील, तिकडच्या ठाण्यात रोज हजेरी देईल. आपल्याला माहितीसाठी कळवलंय."

तासाभरापूर्वीच, ड्यूटीवर येताना, रोह्याच्या स्टँडबाहेर मी चांगुणाकडून शेवळांची, पावसाळ्यातल्या रानभाजीची, जुडी घेतली होती. जुडी अजून माझ्या पिशवीत होती. आणि माझ्या सहीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, की चांगुणा या गावात राहत नाही.

दोघांचीही नावं मी बदलली आहेत. बाकी जे घडलं ते असं.

यशवंत हा रोहा तालुक्यातला शेतकरी. बांधाच्या भांडणात त्याने सख्ख्या भावाला फावड्याने मारलं, तेही लावणीच्या दिवसांत, भर दुपारी. आजूबाजूच्या शेतांत पंधरा-वीस माणसं वाकून भात लावत होती. कोर्टात विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, की आम्ही खाली बघत होतो. फक्त चांगुणाने वर बघितलं होतं. ती शेजारच्या कातकरी वाडीतली, रोजावर लावणीला आलेली बाई. तिने जे बघितलं ते सांगितलं. यशवंतला जन्मठेप झाली. भर कोर्टात तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "हिला मी इसरनार नाय." न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं, पण बोलणं बोलून झालं होतं.

त्या दिवशी चांगुणाला कोर्टात घेऊन गेलेली पोलीस मीच. ती बाहेरच्या बाकावरून उठायला तयार नव्हती. "तू खरं सांग. आम्ही आहोत," असं मी तिला म्हटलं होतं. पोलिसाच्या तोंडी हे वाक्य सहज येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

लोक पॅरोल आणि फर्लो एकच समजतात. पॅरोलला काहीतरी कारण लागतं, घरात आजारपण, मयत, लग्न. फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा नीट भोगली की कैद्याला थोडे दिवस घरी सोडतात. सरकारी भाषेत संचित रजा. माणूस घरापासून पार तुटू नये, हा हेतू. हेतू चांगला आहे असं मी आजही म्हणते. मी अशा बऱ्याच चौकशा केल्या. बहुतेक कैदी येतात, आईच्या हातचं खातात, घराची कौलं नीट करतात आणि तारखेला गुमान परत जातात.

सोडण्याआधी पोलिसांकडून अहवाल मागवतात. कैदी कुठे राहणार, जामीन कोण राहणार, फिर्यादीला किंवा साक्षीदाराला धोका आहे का. आमच्या ठाण्यात हे टेबल माझ्याकडे होतं. मी सहायक फौजदार. पासपोर्टची पडताळणी, चारित्र्याचे दाखले आणि ह्या रजा. मारामाऱ्या आणि चोऱ्या बघणारे पोरगे माझ्या टेबलाला आरामाचं टेबल म्हणायचे.

यशवंतची चौकशी आली ती शिमग्याच्या आधी. मी वाडीवर गेले. वाडी रिकामी होती. दिवाळी झाली की ही माणसं बिऱ्हाड उचलून कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जातात, घाटावर, कधी त्याच्याही पुढे. झोपड्यांच्या दारांना दोऱ्या बांधलेल्या. एक म्हातारी आणि चार कोंबड्या एवढीच वस्ती होती.

"चांगुणा कुठाय?" मी विचारलं.

"घाटावर गेली गो बाय. सगलीच गेल्यात."

मी परत आले आणि लिहिलं, 'सदर साक्षीदार गावी वास्तव्यास नसल्याने तिच्या जीवितास धोका संभवत नाही.' त्या दिवशी ते वाक्य खरं होतं. पोलीस पाटलाचीही त्याखाली सही होती. पण आगोट आली, म्हणजे पावसाआधी घर शाकारायचे दिवस आले, की वाडी परत येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं माहेर पेणचं. लहानपणापासून मी ही बिऱ्हाडं जाताना आणि येताना बघितली आहेत. तरी लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. रकाना होता, तो भरला. मग फाइल वर गेली, वरून आणखी वर गेली, आणि मंजुरी घेऊन खाली येईपर्यंत चांगुणा शेवळं विकायला बसली होती.

हे मी साहेबांना सांगितलं.

"रद्द करता येईल का, साहेब?"

"कशाच्या जोरावर? त्याने काही केलंय का?"

"अजून नाही."

"मग? आपणच लिहून दिलंय धोका नाही. आज काय लिहू, की आमच्या मॅडमचा अंदाज चुकला?"

ते वाईट माणूस नव्हते. वाडीच्या रस्त्याला दिवसातून दोनदा गस्त लावली त्यांनी. आमच्याकडे माणसं होती तेवढ्यात तेवढंच जमण्यासारखं होतं. बैल गेला आणि झोपा केला, असं मी स्वतःला ऐकवलं आणि स्कूटीला किक मारली. हे चांगुणाला सांगणं माझ्याकडेच होतं.

वाडी कोलाडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. चांगुणा झोपडीच्या कुडाला शेण-माती लावत होती. मी सांगितलं. ती हात धुवायला उठली नाही. ओल्या हातांनी तशीच बसून राहिली.

"कवा सुटला?"

"काल."

"तुमीच सोडलात ना त्याला?"

"सोडतं जेल. पण विचारतात आम्हाला."

"मंग मला इचारायला कोन आलता?"

मी आले होते, वाडी रिकामी होती, असं म्हणता आलं असतं. पण ज्या भट्टीवर ती होती तिथे फोन होता, मुकादमाचा नंबर पोलीस पाटलाकडे होता. तो मी मागितला नव्हता.

"थोडे दिवस माहेरी जातेस का?" मी म्हटलं. "गागोद्याकडचं ना तुझं माहेर?"

तिने माझ्याकडे बघितलं, आपण अडाणी माणसाकडे बघतो तसं. "गागोदं पेन तालुक्यात नाय का, बाय? आन् तो कुठं हाय?"

खरंच की. रोजची हजेरी सोडली तर पेण तालुका सोडायचा नाही, एवढी एकच अट त्याच्यावर होती. म्हणजे तिचं माहेर हेच त्याला मोकळं रान होतं. पोलिसात इतकी वर्षं काढलेली मी, आणि मला नकाशा शिकवावा लागला.

शेवटी ती वाडीतच राहिली. लावणीचा रोज बुडवला तर खाणार काय, हाही प्रश्न होता. तिचा नवरा बाळू घाबरट माणूस. तो म्हणाला, "आमी कुनाकडं बगनार नाय, बाय. मान वर करनारच नाय." चांगुणा त्याला म्हणाली, "आता करून काय उपेग?"

दुसऱ्या दिवसापासून माझा एक नेम सुरू झाला. सकाळी साडेदहाला पेणच्या ठाकूर हवालदारांना फोन. हजेरीचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं.

"आला का?"

"आला. सही केली. कसा आहे विचारलं, बरा आहे म्हणाला."

"दिसतो कसा?"

"माणसासारखा दिसतो, मॅडम. पिकलाय. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय."

घोर लागलाच होता. रामवाडी हायवेला लागून. तिथून मोटरसायकलवर बसलं, की रस्ता कितीही खराब असू दे, दीड तासात माणूस कोलाडला. सकाळी सही केली की पुढचे तेवीस तास त्याला विचारणारं कुणी नव्हतं. हजेरी म्हणजे माणूस दिवसातून एकदा तिथे होता याचा पुरावा. बाकी वेळ तो कुठे होता हे रजिस्टर सांगत नाही. ही गोष्ट मी नोकरीभर बघत आले होते, पण कधी मनावर घेतली नव्हती.

मी रोज काही ना काही निमित्त काढून वाडीकडे जाऊन यायचे. शेतात बायका लावणीला वाकलेल्या दिसल्या की डोकी मोजायचे. चांगुणाचं निळं इरलं दिसलं की परत फिरायचे. हेल्मेट घातलेला मोटरसायकलवाला मागून आला की स्कूटी कडेला घेऊन त्याला पुढे जाऊ द्यायचे. घरी जेवण जात नव्हतं. नवरा म्हणाला, "तू त्याला सोडलं नाहीस, तू फक्त फॉर्म भरलास." मी त्याच्यावर उखडले. तेच तर झालं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी दोनला चांगुणा ठाण्यात आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. दारातल्या शिपायाने तिला हटकलं, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"तो आलता."

मी तिला बसवलं. पाणी दिलं. तिने ग्लास हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

ती भाकरी खायला घरी आली होती. बाळू शेतावरच होता. ती दारात बसलेली असताना मोटरसायकल आली. यशवंत उतरला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पानी दे." तिने तांब्या दिला. तो सगळा प्यायला. मग विचारलं, "लावनी कुनाकडं चाललीय?" तिने नाव सांगितलं. "किती जनी जाता?" तिने आकडा सांगितला. मग तो थोडा वेळ बसून राहिला, डोंगराकडे बघत. तांब्या तिच्या हातात परत दिला आणि गेला.

"आणखी काही बोलला? धमकी दिली?"

"नाय."

"हात लावला?"

"नाय. नीट बोलला. म्हनून तर पलत आले, बाय."

मी ठाकूर हवालदारांना फोन लावला. "आज नक्की कितीला आला होता?" "दहाला सही केलीय, मॅडम." बरोबर होतं. दहाला पेणला सही, साडेअकरा-बाराला वाडीवर पाणी.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"काय केलं त्याने?"

"पाणी प्यायला."

"आणि?"

"विचारपूस केली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, याचा गुन्हा कुठल्या कलमाखाली दाखल करू?"

"गुन्हा नाही, साहेब. पण तालुका सोडला. अट मोडली. तेवढ्यावर रजा रद्द होते."

"होते. पण तो म्हणेल मी गेलोच नाही. तिचा जबाब घ्या. अंगठा लागला की लगेच जेलला कळवतो."

मी बाहेर आले. जबाबाचा कागद काढला. चांगुणाने तो कागद बघितला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"एकदा लावलाय आंगठा," ती म्हणाली. "त्याचं काय झालं बगितलंत ना?"

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, घाबरू नकोस, आम्ही आहोत. ते माझ्या तोंडून निघेना. मी तिला जसं आहे तसं सांगितलं. "जबाब दिलास तर तो उद्याच्या उद्या आत जाईल. पण त्या कागदावर तुझं नाव राहील आणि तो कागद त्याला वाचायला मिळेल. नाही दिलास तर अजून नऊ दिवस तो बाहेर आहे."

"मंग मी काय करू?"

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. तुझ्या नावाशिवाय होतं का बघते."

तिला आणि शेतावरून बोलावलेल्या बाळूला मी माझ्या क्वार्टरवर नेऊन ठेवलं आणि कोलाड नाक्यावर गेले. पेणहून येणारा माणूस त्या नाक्यावरून आल्याशिवाय वाडीकडे वळूच शकत नाही. तिथे खानावळी आहेत, टपऱ्या आहेत, बारा वाजता गर्दी असते. मी फोटो दाखवत फिरले. तीन जणांनी फोटो बघायच्या आधीच मान हलवली. एक खानावळवाला माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "मॅडम, यशवंताला वलखतो मी. पन आज नाय बगितला." मी म्हटलं, "मी नाव सांगितलं नव्हतं रे." तो गल्ल्याकडे वळला आणि चिल्लर नीट करायला लागला. त्याच्यावर तरी काय रागवायचं? पंधरा-वीस माणसं कोर्टात खाली बघत होती, त्यात ह्याची एक भर.

नाक्याच्या कोपऱ्यावर पेट्रोल पंप. तिथला मॅनेजर परगावचा, नुकताच आलेला. त्याला यशवंत कोण हेच माहीत नव्हतं आणि म्हणून भीतीही नव्हती. त्याने मुकाट्याने कॅमेरा लावून दिला. मी खुर्चीवर बसून सकाळपासूनच्या गाड्या बघत राहिले. डोळे चुरचुरायला लागले. आणि मग दिसला. मेव्हण्याच्या गाडीत पेट्रोल भरायला थांबला होता. हेल्मेट काढून कपाळ पुसलं, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. खाली वेळ. तालुका रोहा.

पुरावा सापडल्याचा आनंद झाला नाही. तो खरोखर आला होता, एवढंच डोक्यात राहिलं.

साहेबांनी तिथून पुढे एक मिनिट घालवलं नाही. जेलला कळवलं, पेणला कळवलं. चांगुणाचं नाव कुठेही आलं नाही. 'रजेची अट मोडून कैदी रोहा तालुक्यात आढळला,' बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरीला यायच्या आतच पेणच्या पथकाने त्याला रामवाडीत गाठलं. मीही गेले होते. त्याला माझ्या डोळ्यांनी गाडीत बसताना बघायचं होतं.

बहीण दारात उभी राहून रडत होती. "शेत बगायला गेलता ओ तो. एवढी वर्सं शेत नाय बगितलं त्यानं."

यशवंत चहा पीत होता. कप खाली ठेवला. मी मनात जो माणूस घेऊन बारा दिवस फिरत होते, त्याच्यापेक्षा हा बराच लहान आणि वाळलेला होता. केस पिकलेले.

"वाडीवर गेला होतास?" मी विचारलं. त्याच्या रागाचं निमित्त चांगुणा होऊ नये म्हणून तिचं नाव मी घेतलं नाही. पण त्याला कळलं.

"शेत बगितलं. तहान लागली. शेतापासनं जवळ घर तिचंच हाय. पानी मागायला बंदी हाय काय?"

"लावणी कुठे चालली ते कशाला विचारलंस?"

हे माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. आता त्याला नक्की कळलं होतं, की तिने सांगितलं. एका वाक्यात मी तिचं नाव परत त्याच्या हातात दिलं होतं. माझ्याएवढी शहाणी मीच.

त्याने माझ्याकडे बघितलं. "मंग काय इचारायचं, मॅडम? गप बसून पानी पिऊ? लावनीचे दिस हायत, लावनीचंच इचारनार." आणि उठून गाडीत जाऊन बसला.

तो खोटं बोलत होता का? मला आजही माहीत नाही. त्याच्या शेतापासून सगळ्यात जवळचं घर चांगुणाचंच, हे मी जाऊन बघितलं आहे. लावणीच्या दिवसांत कोकणात माणूस माणसाला लावणीचंच विचारतो, हेही खरं. आणि भर कोर्टात त्याने बोट दाखवलं होतं, हेही खरंच. एखादा माणूस खून करायच्या तयारीने आला होता की तहान लागली म्हणून, हे सांगणारा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. आपण आपली भीती लिहायची आणि सही करायची.

चांगुणाला मी सगळं सांगितलं. माझ्या जिभेची चूकही सांगितली. ती लपवली असती तर मला झोप लागली नसती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला तसंबी म्हाईतच व्हतं. मीच दिला ना तांब्या."

मधे काही वर्षं गेली. अट मोडल्यामुळे त्याची रजा बराच काळ बंद होती. मग एका थंडीत पुन्हा अर्ज आला. वाडी पुन्हा रिकामी होती. ह्या वेळी मी मुकादमाचा नंबर घेतला, साहेबांकडून दोन दिवस मागितले आणि एस.टी.ने घाटावर भट्टीवर गेले. नवे साहेब म्हणाले, "एका सहीसाठी एवढ्या लांब?" मी म्हटलं, "हो."

चांगुणा कोळशाने काळी झाली होती, दातच तेवढे पांढरे. मी अर्जाचं सांगितलं. ती पोत्यावर बसली.

"मी नको म्हनले तर थांबंल तो?"

"सांगता येत नाही. ते वरचे ठरवतात."

भट्टीतून धूर येत होता. मला वाटलं, ती उठून कामाला लागेल.

"लिवा," ती म्हणाली. "माजी हरकत हाय म्हनून लिवा. नाव बी लिवा. पन तो सुटायच्या आदी मला सांगा. मागनं नको."

तसा नियम तेव्हा आम्हाला कुणी शिकवला नव्हता. मी रिपोर्टमध्ये तिची हरकत लिहिली आणि खाली एक ओळ जास्तीची घातली, की साक्षीदार आगोटीला गावी परत येते, तारीख ठरवताना विचार व्हावा. वरून फोन आला, आगोट म्हणजे काय. मी पंधरा मिनिटं समजावलं. त्या वेळी अर्ज नामंजूर झाला. माझ्या ओळीमुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

माझ्या टेबलावर नवीन येणाऱ्याला मी एवढंच शिकवलं. चौकशी अहवाल भाजीसारखा असतो, लिहिला त्या दिवशी ताजा. चार महिन्यांनी कुणी तो वाढायला घेतला, तर आधी वास घ्या. पोरं हसायची. हसू दे.

भट्टीवरून निघताना मी चांगुणाला माझा मोबाइल नंबर दिला होता, कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून. तिच्या भाच्याने तो फोनमध्ये भरून घेतला. मी आता रिटायर झाले. टेबल दुसऱ्याकडे गेलं आहे, यशवंतचा पुढचा अर्ज कधी येईल हे मला कळायची सोय नाही. पण लावणी सुरू झाली आणि दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला, की मी हातातलं सगळं टाकून उचलते. आजपर्यंत तो बँकेवाल्यांचाच निघाला आहे.